लाल दोऱ्याची बॅटरी

ती केस आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. उशाशी हात घातला तरी पुरतं. तिथे एक बॅटरी असते. शहरात जिला टॉर्च म्हणतात, तिला आमच्याकडे गावोगाव बॅटरीच म्हणतात. पिवळी, प्लास्टिकची, एलईडीची, आठवडे बाजारात चादरीवर ढीग लावून विकतात तसली. मागची खिटी सरकवली की दोन पिना बाहेर येतात, त्या भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसायच्या, झालं चार्जिंग. तिच्या गळ्याशी लाल लोकरीचा दोरा आहे. मी राहतो त्या पिंप्राळ्यात वीज गेली की शेजारी मोबाइल उजळतात; मी ही बॅटरी घेतो, आणि लावायच्या आधी दर वेळी दोरा चाचपून पाहतो. का, तेच सांगायचं आहे. नाटकाची हौस मला पहिल्यापासून. पोलीस खात्याने ती वीस वर्षं सोसली, मग गुडघ्यांनी तक्रार केली आणि पन्नाशीच्या आत मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हा थोडं रंगवून सांगेन. पण माझी चूक होती तेवढीच सांगेन, तिला रंग देणार नाही.

साक्रीकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला जात होती. चोर केबल कापून नेई, वरचं प्लास्टिक जाळी आणि आतलं तांबं विकी. एकाच गावात चार विहिरी झाल्या होत्या. केबल गेली की मोटार बंद, मोटार बंद की उन्हाळी पीक करपलं. लोक माझ्याकडे बघून रामराम घालत, पण त्या रामरामाला धार होती.

पाचवी चोरी झाली त्या सकाळी विहिरीच्या कठड्यावर एक बॅटरी सापडली. मला आनंदाचं भरतंच आलं. चोराने पहिल्यांदाच काही मागे सोडलं होतं. पंचनामा सुरू केला. पंच म्हणून गावातला मोटार वायंडिंगवाला घेतला. जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारा, टापटीप माणूस. सही सुरेख, मराठी स्वच्छ, आणि बोलावलं की हजर. पंच मिळताना मारामार असते, त्यामुळे असा माणूस आम्हाला देवासारखा वाटतो.

त्याने बॅटरी पाहिली, जरा थबकला आणि म्हणाला, "साहेब, हा लाल दोरा मी पाहिलाय. वस्तीवरच्या त्या सालदाराची आहे ही."

सालदार म्हणजे वर्षभरासाठी एका शेतकऱ्याकडे कामाला बांधलेला गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल संपतं आणि नवं साल ठरतं. गावाच्या पारावर सगळ्यांदेखत ठरतं. त्या दिवशी ज्याला कुणी ठेवून घेतलं नाही, त्याचं अख्खं वर्ष गेलं. आणि आखाजी चार दिवसांवर आली होती.

दुपारी सालदाराला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, उन्हाने काळवंडलेला, बोलणं मोजकं आणि अहिराणीत.

"ही बॅटरी कोणाची?"

"मनी शे, साहेब."

"नक्की?"

"लाल दोरा मनी बायकोनी बांधेल शे."

"मग ती विहिरीवर कशी गेली?"

"माले माहीत नही."

पुढे तासभर विचारलं तरी उत्तर तेच. मी मनात टाळ्या वाजवल्या. चोराने स्वतःच मुद्देमाल ओळखला, आणखी काय हवं! त्याच्या मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब, चोर गडी मी ठेवत नसतो. आखाजीला दुसरा पाहीन." संध्याकाळी सालदाराला सोडलं. सकाळी दहाला हजर हो, अटक दाखवायची आहे, असं बजावलं.

तो साडेनऊलाच आला. बाकावर बसला, शेजारी कापडी पिशवी. ठाणे अंमलदाराने पिशवी उघडून पाहिली. एक सदरा, टॉवेल आणि फडक्यात बांधलेल्या चार भाकरी.

अंमलदार माझ्या टेबलाशी येऊन पुटपुटला, "साहेब, चोर भाकरी बांधून अर्धा तास आधी येतो का हो?"

"सराईत असला की येतो," मी म्हणालो. इतकं मूर्ख वाक्य मी नोकरीत दुसरं बोललो नसेन.

अटकेचा कागद लिहायला घेतला होता. अकराच्या सुमारास दोन बाया दारात. एक सालदाराची बायको. दुसऱ्या गावातल्या पिठाच्या गिरणीच्या अक्का, भुवयांवर पीठ तसंच. बायकोने पदराखालून एक पिवळी बॅटरी काढली आणि माझ्या टेबलावर, थेट अटकेच्या कागदावर ठेवली.

"हाई बॅटरी आमनी नही शे, साहेब."

"तुमची आमच्याकडे आहे," मी रुबाबात म्हणालो.

"तेच तर सांगस. मंग मना घरम्हा हाई कोनी शे?"

 एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

अक्कांनी उलगडा केला. वस्तीची वीज आठ दिवस बंद होती, रोहित्र जळालं होतं. गिरणीची लाईन वेगळी. म्हणून सगळे जण अक्कांच्या गिरणीत बॅटऱ्या चार्जिंगला लावत. एकाच विक्रेत्याकडून घेतलेल्या, सगळ्या एकसारख्या. परवा संध्याकाळी गिरणीतलीही वीज गेली आणि सगळ्यांची झुंबड उडाली.

"अंधारम्हा बठ्ठास्नी हात घाला," अक्का म्हणाल्या. "कोन कोनी लई गया, देव जाने!"

सालदाराची बायको पोचली तेव्हा फळीवर एकच बॅटरी उरली होती. तिने ती नेली. घरी दोरा दिसला नाही, तेव्हा उद्या बदलून आणू म्हणाली आणि चुलीमागे ठेवली. नवरा तोवर झोपला होता. सकाळी त्याला शोधत पोलीस आले. संध्याकाळी सुटून घरी आला तरी त्याने बॅटरीचं नाव काढलं नाही; तिला ते आज सकाळी गिरणीत कळलं. त्याला 'माहीत नही' होतं, कारण त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

मी ती बॅटरी उचलून बटण दाबलं. लागेना. अंमलदाराने दाबलं. लागेना.

"ती लागतच नही," बायको म्हणाली. "मी बी दाबी दखी."

अक्कांनी ती ओढून घेतली, पिना बाहेर सरकवल्या आणि खाचेत जोरात फुंकर मारली. माझ्या इस्त्रीच्या खाकीवर पीठ उडालं. नुसतं पीठ नाही, पिठात काजळी. नाकाशी धरली तर जळक्या प्लास्टिकचा वास. तो वास मी चार विहिरींच्या तपासात ओढ्याकाठच्या राखेत हुंगला होता. ज्याची ही बॅटरी, त्यानेच केबल जाळली होती. तोच अंधारात चुकून सालदाराची बॅटरी घेऊन गेला आणि विहिरीवर विसरला.

अटकेचा कागद मी पालथा घातला.

दुपारी तीनला गावातल्या शाळेची एक खोली मागून घेतली. गिरणीत चार्जिंग करणाऱ्या सगळ्यांना दवंडीने बोलावलं. बॅटऱ्यांची अदलाबदल झाली आहे, घरात असेल ती घेऊन या, आपापली ओळखून न्या. माणसांची ओळख परेड मी पुष्कळदा पाहिली होती. बॅटऱ्यांची ही पहिलीच. सतरंजीवर वीसेक पिवळ्या बॅटऱ्यांचा ढीग. त्यात सालदाराच्या घरची ती बंद बॅटरीही मिसळली. खिडक्या लावून घेतल्या. लोक एकेक करून यायचे आणि नुसत्या हाताने चाचपून आपली काढायचे. कुणाच्या बॅटरीला उंदराने कुरतडलेलं, कुणाच्या बुडाला टिकली, कुणाची शेतात पडून चिरलेली. एक नाना तर म्हणाले, "मी काय वळखू? मनी बॅटरीच माले वळखस!" आणि पहिल्याच झडपेत आपली घेऊन गेले. काही जणांचा हात आधी त्या बंद बॅटरीवर पडला. लागते का म्हणून त्यांनी दाबून पाहिली आणि ठेवून दिली.

शेवटी दोन उरल्या. ती बंद बॅटरी आणि एक चकचकीत. वायंडिंगवाला पुढे आला आणि चकचकीत उचलली.

"किती दिवसांची हो?" मी सहज विचारलं.

"सहा महिने झाले असतील."

"चार्जिंग?"

"अक्कांकडेच. आमचीही लाईन बंद आहे ना."

अक्का उठल्या. त्याच्या हातातून बॅटरी घेतली, पिना काढल्या, फुंकर मारली. काही उडालं नाही.

"मना गिरणीम्हा घडीभर उभा राहेल मानूस पांढरा व्हई जास," त्या म्हणाल्या. "आन हाई सहा महिनानी बॅटरी, पीठना कन नही?"

खोलीत हशा पिकला. तोही हसला. "कालच्या बाजारात घेतली हो. बोलण्यात चुकलं."

मीही हसलो आणि ती बंद बॅटरी त्याच्या हातात दिली. "जाऊ द्या हो, होतं असं. बरं, तुम्ही कारागीर माणूस. ही बंद बॅटरी कोणाच्याच हाताने लागेना. तुमच्या दुकानात सुटा भाग मिळेल का हिचा?"

"सुटा भाग कुठला मिळतोय, स्वस्तातला माल," तो माझ्याकडे बघत बोलत होता. बोलता बोलताच त्याने बॅटरी तळहातावर दोनदा ठोकली, अंगठ्याने बटण डावीकडून तिरपं दाबलं, आणि छतावर लख्ख उजेड पडला.



"डॉक्टर," मी म्हणालो, "नाडी न बघताच औषध दिलंत?"

त्याने हातातल्या उजेडाकडे पाहिलं.  मेंदू खोटं बोलायला शिकतो. अंगठ्याला ते शिकवायचं राहून जातं.

झडतीला या वेळी पंच शेजारच्या गावातून आणले. जुन्या मोटारींच्या ढिगाखाली तांब्याच्या तारेची वेटोळी निघाली. संध्याकाळपर्यंत त्याने पाचही चोऱ्या कबूल केल्या. तो बोलावलं की हजर का असायचा, तेही तेव्हा कळलं. तपास कुठवर आला, हे त्याला माझ्याच पंचनाम्यात बसून कळत होतं.

गुन्हा उघडकीस आला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण आखाजी तीन दिवसांवर होती आणि सालदाराचं नाव मीच मातीत घातलं होतं. पोलीस माणसाला नेतात ते गाव बघतं. सोडतात तेव्हा कुणी बघत नाही.

म्हणून आखाजीच्या सकाळी मी वर्दी चढवून त्या गावच्या पारावर गेलो. सालं ठरत होती. सालदार कडेला उभा, बायको दूर बायांमध्ये. मी खड्या आवाजात म्हणालो, "या माणसाला मी चुकीने नेलं. याचा काही दोष नव्हता. चूक माझी. माफी मागायला आलोय."  नाटकात काम करणं सोपं असतं.

सालदाराने हात जोडले नाहीत, रडलाही नाही. म्हणाला, "साहेब, मनी बॅटरी कव्हय भेटी?"

पार हसून लोळला. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही, हे मी त्याला समजावलं आणि जीपमधली माझी बॅटरी त्याच्या हातात दिली. तीही तसलीच, पिवळी. त्याच्या बायकोने पुढे होऊन तिथेच तिच्या गळ्याशी लाल लोकर गुंडाळली. बाजारातून नवी बॅटरी घ्यायची म्हणून लोकर तिने सोबतच आणली होती.

त्याचा मालक इतका वेळ जमिनीकडे बघत होता. तो तसाच म्हणाला, "सांजले पानी भरानं शे. येजो."

साल ठरलं होतं.

काही महिन्यांनी कोर्टातून बॅटरी सुटली. सालदार ती घेऊन ठाण्यात आला आणि माझ्या टेबलावर ठेवली. "तुम्हनी मी वापरी ऱ्हायनू," तो म्हणाला. "मनी तुम्ही ठेवा."

तपासाची पुस्तकं मी बरीच वाचली. पण मिळालेलं पहिलं उत्तर आवडलं की पुढचा प्रश्न विचारायचा असतो, हे मला चुलीमागची बॅटरी पदराखाली घेऊन चालत आलेल्या बाईने शिकवलं. ती अकराऐवजी बाराला आली असती, तर कागदावर माझी सही झाली असती. पुढे कदाचित खरा चोर सापडलाही असता, पण आखाजी थांबली नसती. तिचे आणि अक्कांचे उपकार मी फेडू शकत नाही, फेडायचेही नाहीत.

म्हणून अंधार झाला की मी आधी दोरा चाचपतो. हाताला लोकर लागली की मगच बटण दाबतो.