पोटावरचा हात

सिझेरियननंतर पहिला तासभर ती बाईच्या पोटावर हात ठेवून, ते चोळत उभी असते. बावीस वर्षं नर्स म्हणून तिचं हेच काम. बाळ बाहेर आलं की गर्भाशय आकसून घट्ट व्हायला हवं, नाहीतर रक्त थांबत नाही. "दगड झाला पाहिजे," असं ती सारखी म्हणते, म्हणून वॉर्डात सगळे तिला दगडताई म्हणतात. आमची ओळख वाचनालयातली. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, तरी मैत्रीण. घरी टीव्ही बघताना तिचा हात मांडीवरची उशी चोळत राहतो. तिची मुलगी विचारते, "आई, उशीला मुलगा झाला की मुलगी?"

परवा माझ्या वहिनीचं सिझेरियन झालं. दुपार होती, खोलीत ऊन. आई बाळाला घेऊन बसलेली. पॅड जवळजवळ कोरडं. वहिनीचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

"झोप येतेय," ती म्हणाली. मग जांभई दिली. लगेच दुसरी.

वहिनीच्या पोटावरचा दगडताईचा हात थांबला.

"झोपू दे की गं तिला," आई म्हणाली. "ताजे टाके आहेत. किती छळशील?"

"काकू, गप्प बसा."

आईशी असं कोणी बोलत नाही.

"डॉक्टरांना बोलाव," ताई मला म्हणाली. "पळ."

दारातून मी वळून पाहिलं. तिने पोट दाबलं. पॅडवर, चादरीवर, गादीवर रक्त आलं, गाठींसकट. आवाज काहीच झाला नाही. इतका वेळ ते आत साठत होतं, जांभया त्याच्याच होत्या, आणि आम्ही बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर वाद घालत होतो.

डॉक्टर आल्या. इंजेक्शनं झाली, दुसरं सलाइन लागलं. ताई चोळतच होती. वहिनी हाकेला ओ देईना.

"मऊच आहे," ताई म्हणाली. बऱ्याच वेळाने पुन्हा, "मऊच." तिने डोळे मिटले होते. आतून कुणी बोलेल म्हणून कान देऊन उभी असल्यासारखी.

मग म्हणाली, "आलं. हात लाव."

मी लावला. कातडीखाली एक कडक गोळा होता. वहिनी निपचित पडलेली, आणि तो मात्र माझ्या बोटांखाली आपल्या मनाने आवळत चालला होता.

वहिनी कण्हली. "कोण मेलं दाबतंय?"

ताईने हात काढला नाही.

"मी," ती म्हणाली. "शिव्या दे. जोरात दे."