जाळी एकाच टोकाला

जगातलं कुठलंही भांडण, आजारपण किंवा नापास होणं हे शेवटी चुकीची केबल वापरल्यामुळे होतं, अशी पक्की खात्री असलेले एकच गृहस्थ माझ्या माहितीत आहेत. ते म्हणजे हिचे काका. नगर रस्त्यावर, वाघोलीच्याही पुढे, एका केबलच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं तारा तपासल्या. मग परदेशी यंत्रं आली, तपासणीही यंत्रंच करू लागली आणि काका स्वेच्छानिवृत्ती घेऊन कोथरूडला घरी बसले. बसले कसले, खिशात चाकू घालून नातेवाइकांच्या वायरी सोलत हिंडू लागले.

मी हिला बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी हातात यायच्या आत काकांनी विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये आहात म्हणे. कॉम्प्युटरची वायर कधी सोलून पाहिलीत?" मी नाही म्हणालो. "मग आहात कशात?" असं म्हणत त्यांनी खिशातून दोन तुकडे काढले. एकात एकच जाड तांब्याची तार, दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारांचा पीळ. "ही जाडी ताठ. भिंतीत बसवली की जन्मभर बघायला नको, पण रोज वाकवा, मोडलीच. इस्त्रीला, मिक्सरला पीळच लागतो. कितीही वाकवा, तुटत नाही." मग मला नीट निरखून ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "मुलगा पिळाचा आहे. होकार कळवा!" काका फार पीळ मारतात, असं सगळे पाठीमागे म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते उलट खूश झाले. म्हणाले, "पीळ मारल्याशिवाय केबल होते का?"

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे तारेत शिरणारा परका आवाज, 'घूं'. आमच्या फोनमध्ये तो ऐकू आला, तेव्हा फोनची वायर विजेच्या वायरीला चिकटून गेली आहे, म्हणून त्यांनी ऐन दिवाळीत आमचं कपाट हलवायला लावलं. नाजूक तारेभोवती तांब्याची जाळी विणतात. बाहेरचा आवाज ती जाळी अंगावर घेते आणि जमिनीत सोडून देते. मात्र जाळी जमिनीला एकाच टोकाला जोडायची. कुणी जास्त शहाणपणा करून दोन्ही टोकांना जोडली, की जाळीतच वीज गोल फिरते आणि सगळं घुमायला लागतं. "जाळी एकाच टोकाला, लक्षात ठेवा," हाच आशीर्वाद त्यांनी आम्हाला लग्नात दिला. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

काकू मात्र अगदी कमी बोलणाऱ्या. गायच्या सुरेख, पण ओट्यापाशी, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. सोसायटीच्या गणपतीत, दुपारच्या कार्यक्रमात, त्या आयुष्यात एकदाच माइकसमोर उभ्या राहिल्या, त्याही बायकांनी हाताला धरून नेल्या म्हणून. मी टेपरेकॉर्डर लावून बसलो होतो. पहिल्याच ओळीला माइक घूंऽऽ करायला लागला. पहिल्या रांगेतल्या काकांनी ते एक कडवं कसंबसं सोसलं. मग "थांब गं! जाळी दोन्हीकडे जोडलीय!" असं ओरडून ते चाकूसकट स्टेजखाली शिरले. हॉलभर हशा. हिने पदरात तोंड लपवलं. खट्ट करून घूं थांबला, आणि त्या शांततेत काकूंनी माइकवरूनच विचारलं, "झालं का हो तुमचं? गाऊ आता?" काका जोडाला चिकटपट्टी गुंडाळण्यात गर्क होते, त्यांनी उत्तरच दिलं नाही. काकू जरा थांबल्या आणि गायल्या. काय गायल्या!

पुढे तीन वर्षांनी काकू गेल्या. काका ती कॅसेट घेऊन आमच्याकडे आले. "जावईबापू, तिचा आवाज एवढाच उरलाय आणि ही टेप झिजत चाललीय. तुमच्या कॉम्प्युटरवर घ्या. घूं काढा, माझं बोंबलणं काढा. मला तिचं गाणं सलग पाहिजे. येत नसेल तर सांगा, मी शिकतो." रोज सकाळी फोन, "गेला का घूं?" मीही हट्टाला पेटलो. आठ दिवस खपून घूं काढला, हशा काढला, ओरडणं काढलं, मधलं सगळं बोलणं काढलं. गाणं अगदी निर्मळ झालं.

काकांनी हेडफोन लावून, डोळे मिटून ते ऐकलं. "स्वच्छ आहे," म्हणाले. मग हेडफोन काढला. "ती कुठे गेली?"

"कोण?"

"'झालं का हो तुमचं' म्हणणारी."

"काका, ते ठेवायचं तर तुमचं ओरडणंही ठेवावं लागेल."

"मग ठेवा."

"आणि घूं?"

"तोही ठेवा. घूं नसेल तर हा माणूस ओरडतोय कशाला, ते कुणाला कळणार?" सव्वीस वर्षं आणि वर निवृत्तीनंतरची सगळी वर्षं ज्याच्याशी वैर धरलं, तो घूं काकांनी माझ्याकडून परत मागून घेतला.

शेवटी मूळ टेप जशीच्या तशी सीडीवर उतरवून दिली. काका दर रविवारी सकाळी ती लावतात. परवा मी तिथेच होतो. घूं झाला, ओरडणं झालं, हशा झाला. "झालं का हो तुमचं? गाऊ आता?"

"झालं," काका हळूच म्हणाले. "गा."