पोटाचं निमित्त

आमच्या आईवडिलांच्या घरात सगळेच माळकरी. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही, आणि त्याचा मला थोडा तोराच होता. आपण कुणाचा जीव न दुखवता जेवतो, असं मी धरून चाललो होतो. दुधातुपाचा विचार त्यात कधी आलाच नाही.

तो आला ताईच्या गोठ्यात. माझी थोरली बहीण निफाडजवळच्या गावात दिलेली. द्राक्षाचा भरवसा नाही म्हणून तिने संकरित गायी पाळल्या आणि त्यांच्यावरच दोन्ही मुलं शिकवली. एका रविवारी मी गेलो, तेव्हा नुकताच जन्मलेला एक गोऱ्हा टेम्पोत चढवत होते.

"कुठं चालवला याला?" मी विचारलं.

"ठेवून काय करू? सगळं दूध यालाच पाजलं तर डेअरीत काय घालू?" असं म्हणून ताईने पदराने डोळे पुसले. गाय दावं ताणून हंबरत होती. थोड्या वेळाने ताई बादली घेऊन तिच्याच कासेखाली बसली. मग माझ्यासाठी चहा आला. मी तो प्यायलो, आणि तो चांगला झाला होता. हेच मला नंतर छळत राहिलं.

नाशिक रोडला परतल्यावर मी लगेच काही सोडलं नाही. आधी ऑफिसातला चहा कोरा प्यायला लागलो. मग रात्रीचं दूध गेलं, मग दही. शेंगदाण्याचं दही लावून पाहिलं, ते बायकोने चाखलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली. सोयाचं दूध चहात फाटलं. पनीर सहज सुटलं. तूप मात्र सुटेना. वरणभातावर चमचाभर तूप घेताना मी बायकोकडे बघायचं टाळायचो, कारण सकाळीच मी तिला गायींबद्दल काहीतरी ऐकवलेलं असायचं. तुपाला वर्ष गेलं.

लोकांना कारण सांगायची मला लाज वाटायची. 'व्हीगन' हा शब्द माझ्या तोंडून मलाच उसना वाटे. ऑफिसात कुणी विचारलं की मी म्हणायचो, "ॲसिडिटी." ते चालून गेलं. मग ताईने खरवसासाठी चीक पाठवते म्हणून फोन केला, तेव्हाही तेच तोंडातून निघालं.

"नको ताई. पोटाचं जरा दुखणं आहे. डॉक्टरांनी दूध बंद केलंय."

"कायमचं?"

"सध्या तरी."

त्यानंतर दर फोनला ती पोटाची चौकशी करू लागली. जेवण जातं का, वजन उतरलं का. मी प्रत्येक वेळी खोट्यात थोडी भर घालत गेलो. बायको म्हणाली, "अहो, ताईंना खरं सांगून टाका. त्या काय खाणार आहेत तुम्हाला?" मी उद्यावर टाकत राहिलो.

एका सकाळी ताईच दारात उभी राहिली. एसटीने आली होती. हातात पिशवी, चेहरा ओढलेला. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "कपडे घाल. आमच्या गावातल्या एकाला असंच झालं होतं, त्याला इथल्याच एका डॉक्टरचा गुण आला. मी नंबर लावून ठेवलाय." तिला बसवत बायको म्हणाली, "चहा टाकते," तर ती म्हणाली, "मला नको. सोमवार हाय माझा." ती कधी सोमवार करत नसे. माझ्या पोटासाठी तिने निरंकार उपास धरला होता.

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो. म्हणालो, "ताई, मला काही झालेलं नाही."

"मग डॉक्टर?"

"डॉक्टरांकडे गेलोच नाही. मीच दूध सोडलंय."

तिला ते पोचायला वेळ लागला. मग ती मटकन खाली बसली आणि हसली. "बरं झालं बाबा. मला काय काय वाटत होतं." ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण सोडलं कशाला?"

मी गोऱ्ह्याचं सांगितलं. सांगताना आवाज होईल तितका खाली आणला, तरी ते तिच्यावरच्या आरोपासारखं वाजलं. तिने पिशवीचे बंद नीट केले.

"मला लय आनंद होतो का ते करताना?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग माझ्या घरचं पाणी तरी चालंल ना तुला?"

चालेल, एवढा एक शब्द पुरला असता, तोही वेळेवर निघाला नाही. दुपारच्या गाडीने ती गेली. स्टँडवर सोडायला आलेल्या बायकोशी ती बोलत होती, माझ्याशी नाही.

पुढचे काही महिने तिचे फोन लहान झाले. मी तूप पूर्ण सोडलं ते याच दिवसांत, पण त्याचा अभिमान वाटावा असं काही उरलं नव्हतं. भाऊबीजेला जाऊ की नको असं झालं होतं. बायकोने जवळजवळ ढकललंच.

ताईने ओवाळलं. तोंडात गुळाचा खडा घातला. पंगतीत तिची सून बासुंदी घेऊन माझ्यापाशी आली, तेव्हा ताई चुलीकडूनच म्हणाली, "त्याला नको वाढू. तो खात नाय." त्यात राग नव्हता, माया होती असंही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. माझ्या पानात तेलावर भाजलेली पुरणपोळी आली. तव्यावर माझ्यासाठी तेवढी वेगळी केलेली. खाताना मान वर करवेना.

संध्याकाळी धारा निघाल्या. मेहुण्यांची पाठ धरली होती आणि भाचा बाहेरगावी गेलेला. ताई एकटीच भरलेला कॅन दारापर्यंत ओढत आणत होती. माझ्याकडे बघून थांबली.

"डेअरीपर्यंत नेशील का? का तेही..."

"आण इकडं," मी म्हणालो.

मोटारसायकलवर दोघांनी मिळून कॅन बांधला. ती मागे बसली, एका हाताने कॅन धरून, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवून.