कांबळेभाऊंचं लिव्हर आणि माझा गोळ्यांचा डबा

किस्से काही जमवावे लागत नाहीत, दार उघडं ठेवलं की पुरे. माझं कायम उघडंच असतं. त्यामुळे आमच्या धायरीच्या बिल्डिंगमधले, समोरच्या कांबळेभाऊंचे आणि त्यांच्या लेकीचे, सुजाताचे किस्से माझ्याइतके कुणाला ठाऊक नाहीत.

*

आमच्या मजल्यावर कोथिंबिरीसारखी गोळ्यांचीही देवाणघेवाण चालायची. डबा अर्थात माझा! भाऊंचं लिव्हर जुन्या काविळीने टणक झालेलं. झोप येत नाही म्हणाले, म्हणून मी माझी झोपेची गोळी दिली. ती घेऊन मी सकाळी सहाला दूध आणते. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठेनात! हॉस्पिटलात न्यावं लागलं. मी रडरड रडले.

शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "वहिनी, गोळी चांगली होती. संपतच नव्हती."

*

सुजाता तेव्हा फार्मसी शिकत होती. रागावली नाही, समजावलं. औषध मोडायचं काम लिव्हर करतं, आणि त्या कामाला ऑक्सिजन लागतो. टणक लिव्हरमध्ये तो पेशींपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून काही औषधं अंगात रेंगाळतात.

मी म्हटलं, "म्हणजे चूल आहे, लाकडं आहेत, वाराच नाही."

तिने ते वहीत लिहून घेतलं. दहावी नापास बाईचं वाक्य! पुढे पीएचडीला तिने हाच विषय घेतला.

*

एकदा मी आमचं ऑक्सिमीटर भाऊंच्या बोटाला लावलं. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव! धावत सुजाताकडे गेले. ती म्हणाली, "काकू, बोटापर्यंत पोचलाय. लिव्हरच्या पेशीत पोचतो का, यातच माझी चार वर्षं गेली."

*

आमचे सेक्रेटरी एकदा जिन्यात कुजबुजले, की लिव्हर काय उगाच जातं होय? भाऊ मागेच उभे होते.

"बरोबर आहे. घेता तुम्ही आणि लिव्हर गेलं माझं. शेजारधर्म!"

*

भाऊंचा एकच ध्यास होता, पोरीचा शेवटचा व्हायवा डोळ्यांनी बघायचा. तोवर लिव्हरने साथ द्यावी.

दिली! पहिल्या रांगेत भाऊ, शेजारी मी. परीक्षकांनी विचारलं, ऑक्सिजन दिला की सगळी औषधं नीट मोडतात का? सुजाता शांतपणे म्हणाली, "नाही सर. काहींचीच गती सुधारते. कुठली, तेच शोधलंय." माझ्या अंगावर काटा आला. पर्समधला खडीसाखरेचा खडा काढून भाऊंच्या हातावर ठेवला.

शेवटी परीक्षकांनी विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?

भाऊ उठले. खडा वर धरला.

"हे आमच्या वहिनींनी दिलंय. घेऊ का?"

सुजाताने चष्मा काढून डोळे पुसले.

"घ्या, पप्पा."