डब्यातली चिठ्ठी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. मग वहीत का लिहिते? वही हसली तरी ऐकू येत नाही, म्हणून असेल.

पंच्याहत्तरच्या सुमाराला शुक्रवार पेठेत आम्हा बायकांचं मंडळ होतं. कडक भाकऱ्या करून विकायच्या. प्रमुख विमलताई — भारी शिस्तीच्या. दर चार महिन्यांनी परीक्षा घेत. प्रत्येकीच्या पाच भाकऱ्या मंडळाच्या एकसारख्या डब्यांत, आत नावाची चिठ्ठी, आणि आठ दिवसांनी डबे उघडायचे. कुणाच्या कुरकुरीत राहिल्या, कुणाच्या मऊ पडल्या, त्यावरून ठरे — कुणी शिकवायचं, कुणी शिकायचं. "मंडळ पुढं न्यायचंय बायांनो, लाजताय काय?" म्हणायच्या.

मी तर लाजतच असे. चारचौघींत तोंडातून शब्द निघत नसे. पण ताई सोडल्या तर लिहिता येणारी मी एकटीच — चौथी पास! म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडे.

आता सांगतेच. एकदा डबे उघडायच्या आदल्या दिवशी मी माझ्या डब्यात डोकावले. भाकऱ्या चक्क वाकत होत्या! शेजारी नागव्वाचा डबा. नागव्वा अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी, हसरी. तिची भाकरी टिचकी मारली की पापडासारखी वाजे. आणि मी — हो, मीच — दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. तिला वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं ना? चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिली, नागव्वा शेवटची. तिनं ती मऊ भाकरी उलटसुलट करून पाहिली. "ह्ये माझं हाय? तवा बिगडलाय की माझा!" म्हणून हसली. ताईंनी ठरवलं — मी सगळ्यांना शिकवायचं, नागव्वानं माझ्या शेजारी बसून शिकायचं.

शिकवणार काय, कपाळ? मी चोरून तिचे हात बघे आणि तेच मोठ्यानं सांगे. ती उकळतं पाणी ओती — मी म्हणे, "पाणी उकळतं घ्या गं." ती मंद आचेवर फडक्यानं कडा दाबी — मी म्हणे, "कडा दाबा." असं बोलता बोलता माझा आवाज फुटला. भाकऱ्याही सुधारल्या — सगळ्यांच्या, अगदी माझ्याही.

पुढच्या परीक्षेला चिठ्ठ्या जिथल्या तिथं. नागव्वा पहिली! ताई खूश — "बघा, शिकवणीचा गुण!" आणि नागव्वानं सगळ्यांदेखत माझी ओटी भरली. "अक्का, तुमच्यामुळं सुदारले की मी." पदरात नारळ घेऊन मी उभी. तेव्हा तरी बोलायचं ना? आता तर बोलता येत होतं.

नारळ घेऊन घरी आले.

अजून दर संक्रांतीला ती 'मास्तरीणबाईंना' म्हणून भाकऱ्यांची चवड पाठवते. मी चवीनं खाते. एकही वाकत नाही.

त्या वेळी पहिली नागव्वा आली होती. चिठ्ठी मी बदलली.