कवीवरून गेलेली रेघ

पाचूबंदरच्या समुद्रात आमची एक जागा होती. समुद्राच्या तळाशी खांब ठोकून त्यांना डोल जाळं बांधतात, त्या ठिकाणाला आम्ही कव म्हणतो. आमची कव आजोबांची, मग बाबांची. तिचा कागद नाही, पण कोणाची कव कुठे हे सगळ्या बंदराला ठाऊक असतं. तिच्यातल्या बोंबलांवर माझी इंग्रजी शाळा झाली.

मी मुंबईत वकिलांच्या ऑफिसात नोकरी करते. परदेशी बँका इथल्या प्रकल्पांना कर्ज देतात, त्यांचे करार आम्ही बघतो. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलचं काम आलं. नकाशावरची लाल रेघ आमच्या कवीवरून गेली होती. मी सिनियर मॅडमना तसं सांगितलं.

"मग तर छानच. बैठकीत दुभाष्याचं काम तूच कर. लोकांचा तुझ्यावर विश्वास बसेल," त्या म्हणाल्या.

मच्छीमारांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हा त्या बँकांचा नियम. पण करारावर आधीच सह्या झाल्या होत्या. रेघ हलवायची तर कर्ज देणाऱ्या सगळ्या बँकांची संमती लागणार होती आणि ती कोणी मागणारही नव्हतं. हे मला माहीत होतं. बाहेर बोलायची परवानगी नव्हती.

बैठक चर्चच्या हॉलमध्ये झाली. बँकांचा गोरा वकील परदेशातून आला होता. "गोऱ्याला सुकट दे गो चाखायला, उद्या मिलनार नाय," एक मावशी म्हणाली. सगळे हसले. गोरा वकीलही हसला.

मग मागून बाबा उठले आणि मलाच म्हणाले, "मॅडम, रेघ जरा उत्तरेला सरकल काय?"

"घरी पन मॅडमच बोलतोस काय रे?" कोणीतरी ओरडलं. बाबा हसले नाहीत. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. वकील म्हणाला, तुमच्या अडचणीची नोंद घेतली जाईल, नियमाप्रमाणे भरपाई मिळेल. मी ते शब्दन् शब्द मराठीत सांगितलं.

"पैसे नको. जागा पायजे."

"त्यांनी तुमचं म्हणणं ऐकलंय," मी म्हणाले. वकील तेवढंच म्हणाला होता. बाबा त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मग खाली बसले.

रात्री जेवताना आईने विचारलं, "काय होनार गो आपल्या कवीचं?"

"तिला नको विचारू," बाबा म्हणाले. "जेवू दे तिला." लहानपणी पाहुणे मला बोलतं करायला बघायचे, तेव्हाही ते असेच मध्ये पडायचे. माझ्या ताटात त्यांनी स्वतःचा बोंबील वाढला. 

दुसऱ्या दिवशी ते काकांना घेऊन होडीने गेले. परतले तेव्हा होडीत मासळी नव्हती. कवीवरचं जाळं, दोर, तरंगणारे बोये, सगळं सोडवून आणलं होतं. अजून कुठलीही नोटीस आली नव्हती, कोणी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

मी दोराचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघं तो गुंडाळत राहिलो.