डावीकडे ओढणारी मोटर

संध्याकाळी राजापूरहून परत आला की रशीद ड्रायव्हर मोटरीतून लगेच उतरत नसे. पॅसेंजर आपापली बोचकी घेऊन पांगत, टपावरच्या वळकट्या धपाधप खाली येत, आणि हा डाव्या हाताने उजवा खांदा दाबत तसाच बसून राही. लोक म्हणत, ड्रायव्हर माजलाय. माज कसला? त्याला हात वर उचलवत नव्हता.

सन चौतीसच्या सुमाराची गोष्ट. अनंतशेटची ही सर्व्हिस मोटर सकाळी रत्नागिरीहून सुटायची, हातखंबा, पाली, लांजा करत राजापूरला पोचायची आणि उन्हं कलताना परत यायची. गेल्या गणपतीपासून तिला डावीकडे ओढायची खोड लागली होती. स्टिअरिंग जरा ढिलं सोडलं की स्वारी निघाली गटाराकडे. म्हणून रशीदने अख्खा रस्ता ते उजवीकडे दाबून धरायचं. चपलेची टाच झिजावी तसे पुढचे टायर एकाच अंगाने झिजत होते आणि रशीद दोन्ही अंगांनी.

तेव्हा कोकणात मोटरी आल्या होत्या, मोटरींचे वैद्य मात्र अजून यायचे होते. पहिला मान धोंडू लोहाराचा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी तर त्यानेच. त्याने पुढचा दांडा काढला, भट्टीत घातला, चार घण हाणले आणि म्हणाला, "आता बग कशी सुतात जाते ती." मोटर सुतात गेली ती थेट कुवारबावच्या बांधाला. मग बंदरावरचा लाँचीचा मिस्त्री झाला. त्याला पाण्यातल्या इंजिनाची नाडी कळे, जमिनीवरच्या चाकांची नाही. त्याने डावीकडचं पुढचं चाक खोललं, ग्रीस भरलं, चहा प्याला आणि गेला. शेवटी शेटने मोटर आंबा घाट चढवून कोल्हापूरच्या एका ग्यारेजात पाठवली. तिथे दोऱ्या ताणून पुढची चाकं जुळवली गेली. साखरप्यापर्यंत रशीद अगदी गाणं गुणगुणत आला, आणि पाली यायच्या आत पुन्हा डावीकडे ओढ.

जो येई तो पुढच्या डाव्या चाकाशीच बसे. जिकडे ओढते तिकडेच दुखणं असणार, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल!

एकच माणूस वेगळा निघाला. शिवा मिस्त्री मुंबईच्या मोटर कारखान्यात बरीच वर्षं काढून आला होता आणि गाडीतळाजवळ नारळाच्या झापांच्या आडोशाला त्याने दुकान मांडलं होतं. त्याची गावात कीर्ती काय, तर हा मिस्त्री 'नाय' म्हणतो. त्याने मोटरीखाली जाऊन पुढची बाजू पाहिली आणि हात पुसले. "रशीदभाय, पुढं काय खोट नाय. कुठं हाय ते मला आज कळत नाय. उगाच खोलून ठेवू काय?" रशीद वैतागून परत आला होता. काही न करता परत पाठवणारा मिस्त्री घेऊन काय करायचं, असं कुणालाही वाटलं असतं.

अनंतशेटचा धीर मात्र सुटला. त्याच्या मते एव्हाना दोष मोटरीचा नव्हताच, ड्रायव्हरच्या हाताचा होता. "शिमग्याची आगबोट लागायच्या आत गाडी सरळ पळाली पाहिजे. नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर बघतो," असं त्याने चारचौघांत ऐकवलं. बाप होडीवर गेला, भाऊ होडीवर गेला, आणि दर्याला भिणारा हा एकटा रस्त्यावर आला होता. ती सीट गेली की त्याला परत जायला दर्याच होता.

घरात तो आणि त्याची मा, खतिजाबी. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन हातखंब्यापर्यंत चालत जाण्यात तिचा जन्म गेला. वरच्या गावांत मासळीला जास्त मागणी, पण तिथवर पाय पोचत नसत. रशीद ड्रायव्हर झाला तेव्हा त्याने शेटच्या मिनतवाऱ्या करून मासाठी मागची एक जागा मिळवली. तिच्याबरोबर दोन शेजारणींच्या पाट्याही येऊ लागल्या. पण वकील-खोत बसलेल्या मोटरीत मासळी ठेवायची कुठे? तेही रशीदनेच ठरवलं. सकाळी मतलई वाहते, म्हणजे वारा जमिनीवरून दर्याकडे. मोटर दक्षिणेला चालली की हा वारा डाव्या हाताने येतो. मग पाट्या मागे उजव्या अंगाला, चाकाच्या वर फळी ठोकून बांधायच्या, की वास परस्पर उजवीकडे निघून जाईल. दालद्याच्या, मासेमाराच्या पोराला वाऱ्याचं कोण शिकवणार? वासाची तक्रार अगदीच मिटली नाही, पण कमी झाली. मा लांज्यापर्यंत बसून जाऊ लागली. म्हातारपणी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, याचा रशीदला फार अभिमान होता.

रोज सकाळी तो मोटर मांडवीच्या वाळूवर घेई आणि पाट्या चढवी. भरतीच्या पाण्याने घट्ट झालेली ओली वाळू, तिच्यावर चाक रुतत नसे. शिमगा जवळ आला तेव्हा एका सकाळी पाट्या बांधून झाल्या आणि माला आठवलं, पानाची चंची घरीच राहिली. "तू हो पुढं, मी आली," म्हणून ती वळली. रशीदने मोटर सडकेला आणून उभी केली. मा मागून वाळू तुडवत आली ती खाली बघत बघत, आणि येताच हसली.

"काय रे, तुजी मोटर कुर्ली झाली काय?"

"म्हंजे?"

"कुर्लीसारकी तिरकी चालते. ये, बग."

खेकड्यासारखी? रशीद खाली उतरला. सरळ चाललेल्या मोटरीची मागची चाकं पुढच्यांच्या मागावरून जातात, म्हणजे वाळूत दोनच रेघा उमटतात. इथे चार होत्या. मागची दोन्ही चाकं पुढच्यांपासून चांगली चार बोटं उजवीकडे सरकून चालली होती. इतके दिवस मा मोटरीत बसून जाई, म्हणून तिने ती मागून कधी चालताना पाहिलीच नव्हती.

संध्याकाळी रशीद तडक शिवाकडे गेला आणि मागच्या चाकांचं सांगितलं. शिवा उजव्या बाजूने मोटरीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर बोल्टाचा तुकडा होता, गंजून किडक्या दातासारखा झालेला.

"कमानपाट्याला, म्हंजे स्प्रिंगला, मागच्या चाकांचा दांडा धरून ठेवतो तो ह्यो बोल्ट. तुटलाय. उजवं चाक मागं सरकलं, म्हणून नाक डावीकडं." त्याने बोट फळीकडे केलं. "वरून खारं पाणी गळतंय. मी नवा घालीन, चाकं जुळवून देईन. पण पाट्या ऱ्हायल्या तर गणपतीला परत येशील. दरवेळी नवा बोल्ट घालून मजुरी घ्यायला माझं काय जातंय? पण ते बरं नाय."

शेवटी खात्रीचा मिस्त्री सापडला होता, आणि तो सापडला नसता तर बरं झालं असतं, असं रशीदला वाटलं. त्याने अनंतशेटला सगळं सांगितलं. पाट्यांखाली पत्रा मारू म्हणाला, आपल्या खर्चाने. शेटला निमित्तच हवं होतं. "पत्रा आज माराल, उद्या तोही कुजेल. वासाने वकील लोक दुसऱ्या मोटरीने जायला लागलेत. पाट्या बंद. आणि वाटेतही कुणा पाटीवालीला घ्यायचं नाही. कळलं?"

जेवताना त्याने माला हे सांगितलं. मान वर न करता सांगितलं. मी ड्रायव्हरकी सोडतो, असंही म्हणाला. माने त्याच्या ताटात भात वाढला.

"आणि काय करशील? दर्यात जाशील? दोन दिलेत त्याला, तिसरा नाय देनार." मग म्हणाली, "हातखंबा काय मला नवा नाय."

मोटर सरळ झाली. शिवाचं काम चोख होतं. स्टिअरिंग दोन बोटांनी धरावं आणि तिने सुरळीत जावं. शिमग्याला मुंबईकर आले, बाकड्यांवर दाटीने बसले आणि गाडी कशी पाण्यासारखी पळते म्हणून वाखाणू लागले. रशीदचा खांदा महिन्याभरात बरा झाला.

मा पहाटेच निघे. मोटर कुवारबावचा चढ चढून गेली की सडकेच्या कडेला ती चालताना दिसे, डोक्यावर पाटी, एक हात पाटीला. पहिल्या दिवशी रशीदने वेग कमी केला. तिने मोकळ्या हाताने खूण केली, जा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हॉर्न ऐकताच ती कडेच्या गवतात उतरली आणि मोटरीकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे कुणी ओळखू नये आणि मुलाला थांबावंसं वाटू नये. रशीद थांबला नाही. मागे कुणीतरी म्हणालं, "ड्रायव्हर, हात अगदी सरळ आहे हो तुमचा." त्याने हो म्हटलं आणि पुढच्या वळणापर्यंत आरशात पाहत राहिला. तिने अजून पाठ फिरवलेलीच होती.